म्हसडोहाचं पाणी

म्हसडोहातली कासवं मेली हे धोत्रखेडात कळलं ते आशाबाईमुळे. माघातली सकाळ होती. शेजारची आशाबाई धुण्याची टोपली डोक्यावर घेऊन नदीवर गेली होती, आणि कपडे न भिजवता तशीच परत आली. शेषराव तायडे ओट्यावर चहा पीत बसले होते. तिनं टोपली खालीही ठेवली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "भाऊ, डोहावर चला. कासवं उलथी पडली हायेत."

शेषरावांनी कप ठेवला आणि घराच्या दाराकडे तोंड वळवलं. बायकोला, ललिताला, हाक मारायची होती. हाक ओठावर आली तेव्हा त्यांना आठवलं की ललिता आषाढातच गेली. असं त्यांचं अजून व्हायचं. आशाबाईच्या ते ध्यानात आलं. ती टोपली सावरून पुढे चालू लागली.

पूर्णा नदी अकोला जिल्ह्याच्या त्या भागात दिवाळीनंतर वाहायची थांबते. पात्रात वाळू आणि चिखल उरतो, आणि मधे मधे डोह. धोत्रखेडचा म्हसडोह त्यातला सगळ्यात मोठा. म्हशी त्यात बसत म्हणून ते नाव. त्याच्या पलीकडच्या काठाला पाणी पसरून दलदल झाली होती. लव्हाळा आणि पाणकणीस माणसाच्या डोक्याइतकं उंच वाढायचं. गावातले लोक त्या जागेला चिबड म्हणत. तिथे ना पेरा होत होता, ना गुरं जात होती. म्हणूनच पाखरं तिथे यायची.

शेषराव पोचले तेव्हा अर्धं गाव काठावर होतं. कासवं पोटं वर करून पडली होती, काही पाण्यात, काही काठाच्या सपाट खडकावर. मरळ मासे तोंड उघडं टाकून तरंगत होते. पाण्यावर पांढरट चिकट साय होती आणि कुजलेल्या सरकीच्या ढेपेसारखा वास येत होता. बगळे दूर वाळूत उभे होते. एवढे मासे आयते पडले होते, पण एकाही बगळ्यानं चोच लावली नव्हती.  मेलेल्या कासवांपेक्षा त्या बगळ्यांचं उभं राहणं शेषरावांना जास्त वाईट वाटलं.

काठावर जो तो आपापलं सांगत होता. कोणी म्हणालं ऊन वाढलं म्हणून मेली. माघात कुठलं आलं ऊन, असं दुसऱ्यानं विचारलं. कोणी म्हणालं मासे धरायला कोणीतरी औषध टाकलं असेल. नदीच्या वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्याच्या हद्दीत, सरकीच्या तेलाचा कारखाना होता. त्याचा नाला पूर्णेला मिळतो हे तिथल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. पण गावातली पाचसात पोरं त्या कारखान्यात कामाला होती, आणि त्यांचे बाप तिथेच उभे होते. त्यामुळे नाल्याचं नाव कोणी काढलं नाही.

शेषराव घरी जाऊन बाटली घेऊन आले. लोकांच्या देखत त्यांनी ती डोहात बुडवून भरली, झाकण लावलं आणि अमरावतीला रश्मीला फोन केला.

रश्मी ही अमरावतीच्या एका संस्थेत काम करणारी मुलगी. नद्या, तलाव, दलदली, त्यांतलं पाणी आणि त्यावर जगणारे जीव यांच्यावर लक्ष ठेवणं हे त्या संस्थेचं काम. कारखाना सुरू झाला त्याच वर्षी ती पहिल्यांदा धोत्रखेडात आली. नदीकाठच्या गावागावांत एकेक माणूस तिला हवा होता. त्यानं अवस-पुनवेला डोहाची एक बाटली भरायची आणि सकाळी पाखरं नि कासवं मोजून ठेवायची. दुसऱ्या दिवशी संस्थेची गाडी येऊन बाटली न्यायची. सरपंचानं आपल्या भाच्याचं नाव सुचवलं. भाचा एकदा डोहावर आला, चिखलात पाय रुतला आणि पुन्हा फिरकला नाही. ललिता मात्र लव्हाळा कापायला तिथे जातच होती. रश्मीनं तिलाच विचारलं.

ललिताला पाखरांची पुस्तकातली नावं येत नव्हती. तिनं आपली नावं ठेवली होती. लांब लाल पायांचा, चिखलातून पाय उचलून उचलून चालणारा एक पक्षी यायचा. त्याला ती तलाठी म्हणायची, कारण गावचा तलाठी पावसाळ्यात असाच यायचा. रंगीत चित्रबलाकाला ती नवरदेव म्हणायची. रश्मी पोट धरून हसायची आणि त्यापुढे खरं नाव लिहायची. पण मोजणीत ललिता चुकत नव्हती. रश्मी स्वतः शेजारी बसून मोजायची आणि दोघींचा आकडा जुळायचा. पुढे संस्थेनं अमरावतीला एका कार्यक्रमात ललिताला शाल दिली. तिचा बोलतानाचा फोटो काढला. ती बोलली काय, तर "मी काई नाई केलं, डोह आमच्या घराजोळ हाय म्हून जमलं." तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी नीलम धामणगाव रेल्वे या गावी दिली होती. तिनं तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला.

शेषराव रस्त्याच्या कामावरून निवृत्त झालेले. जन्मभर डांबर आणि गिट्टी पाहिलेली. पाखरं मोजणं त्यांना रिकामटेकड्यांचं काम वाटायचं, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. ललिता म्हणायची, "काहो नीलमचे बाबा, तुमी जन्मभर रस्त्यातले खड्डे मोजले, ते कोणं बुजवले? माही पाखरं तरी उडतात." 

आषाढात एका सकाळी भाकरी थापता थापता ती एका कुशीवर कलली. अकोल्याला नेईपर्यंत संपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला रश्मी आली होती. जाताना ती म्हणाली की डोहाचं काम आता बंद करू, तुम्ही त्रास करून घेऊ नका. शेषराव म्हणाले की मीच भरत जाईन बाटली. का म्हणाले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घर खायला उठायचं. अवस-पुनवेला डोहावर जायचं एवढं तरी एक काम राहील, असं काहीसं मनात असावं.

ते डोहावर जात, बाटली बुडवत, भरली की काढत. पाखरं मोजायला बसत, पण त्यांची मोजणी कधी जुळायची नाही. थवा उडाला की पुन्हा पहिल्यापासून. श्रावणातच रश्मीचा फोन आला की काका, पाणी बिघडलेलं येतंय. शेषरावांना वाटलं, पावसाळा आहे, गाळ येणारच. भादव्यात तेच, दिवाळीनंतर तेच. मग माघात कासवं मेली.

संस्थेनं तक्रार केली. गावातर्फे शेषरावांनी अंगठ्याऐवजी सही केली, कारण ललितानं त्यांना साक्षरतेच्या वर्गाला धरून बसवलं होतं. अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात बैठक लागली. रश्मी एक मोठा कागद घेऊन आली होती. त्यावर म्हसडोहाच्या पाण्यातली घाण दाखवणारी रेघ काढलेली होती. ललिता होती तोवर रेघ सरळ, जमिनीलगत चालली होती. आषाढानंतर ती एकदम ताडासारखी वर गेली होती. रश्मीनं साहेबांना समजावून सांगितलं की पाणी कसं बिघडत गेलं आणि शेवटी कासवं कशी मेली. साहेब मान हलवत होते. शेषरावांना वाटलं, जमलं.

कारखान्याकडून शेखर नावाचा माणूस आला होता. पांढरा शर्ट, गोड जीभ. येताना त्यानं शेषरावांना वाकून नमस्कारही केला होता. त्यानं रश्मीचा कागद मागून घेतला आणि साहेबांच्या पुढे धरला. "साहेब, कारखाना साडेतीन वर्षांपासून चालू आहे. मशीन तीच, माल तोच, नाला तोच. मॅडमच्याच कागदावर तीन वर्षं पाणी एकदम चांगलं आहे. म्हणजे आमच्या नाल्यानं डोह बिघडत नाही, हे यांनीच सिद्ध केलं. आता आषाढात बदललं काय? बाटली भरणारा हात बदलला. काकू बरोबर भरत होत्या. काकाजी कुठून भरतात, कशात भरतात, कोणाच्या सांगण्यावरून भरतात, ते त्यांनाच विचारा."

साहेबांनी शेषरावांकडे पाहिलं. शेषरावांनी सांगितलं की मी डोहातूनच भरतो, बाटली बुडवतो आणि काढतो, दुसरं काही करत नाही. बोलताना त्यांचा आवाज चोरासारखा निघाला. खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा का निघावा हे त्यांना कळेना. साहेबांनी पुढची तारीख दिली आणि संस्थेला उत्तर आणायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये शेषराव विचार करत होते. शेखर लबाड होता, पण त्याचं बोलणं कुठे तुटत नव्हतं. तीन वर्षं पाणी चांगलं असेल तर एकाएकी काय झालं? आपलंच काही चुकत असेल. बाटली नीट धुतली जात नसेल. ललिताच्या हाताला जे जमलं ते आपल्या हाताला जमत नाही, हे काही नवीन नव्हतं. भाकरी जमत नव्हती, तुळस जगत नव्हती. पाण्याचंही तसंच झालं असेल.

दोनचार दिवसांनी ते आशाबाईकडे विचारायलाच गेले. तिच्या घरी त्या दिवशी मुलीला पाहायला अंजनगाव सुर्जीची पाहुणेमंडळी येणार होती. ती अंगणात बसून पाणी गाळत होती. कळशीच्या तोंडाला धोतराचं दुहेरी फडकं बांधलेलं, शेजारी बादलीत तुरटी फिरवून निवळत ठेवलेलं पाणी. शेषरावांनी विचारलं की ललिता डोहाची बाटली कशी भरायची ते तुला माहीत आहे का.

आशाबाई कामातून मान वर न करता म्हणाली, "तुमच्याच घरात व्हतं भाऊ, अन मले विचारता? हे असंच भरायची. डोहावरून कळशी आणायची, तुरटी फिरवायची, रातभर ठेवायची. सकाळी दुहेरी फडक्यातून गाळून बाटलीत. मी म्हणो, बाई, ते काय पेणार हायेत का ते पाणी? तं म्हणे, नाई पेणार, पण पाहतीन तं."

शेषराव तिथेच खाटेवर बसले.

त्यांनी ते पाहिलं होतं. तीन वर्षं पाहिलं होतं. अवस-पुनवेला फडकं दोरीवर वाळत असायचं, चुलीजवळ तुरटीचा खडा असायचा, झाकण ठेवलेली कळशी असायची. त्यांना वाटायचं घरचंच पाणी आहे. त्या भागातल्या विहिरी खाऱ्या. पाहुणा आला की गोडं पाणी लांबून आणायचं, निवळायचं, गाळायचं आणि मगच पुढे करायचं, हे प्रत्येक घरात होतं. त्यात वेगळं काय पाहायचं.

आशाबाईनं मग सुरुवातीची गोष्ट सांगितली. पहिल्याच खेपेला ललितानं बाटली जशी सांगितली तशी, डोहात बुडवून भरली होती. ती घ्यायला गाडीवाला कुलदीप आला. तो थट्टेखोर. बाटली उन्हात धरून त्यानं विचारलं की काकू, हे पाणी धाडलं की म्हैस धाडली. सगळे हसले, ललिताही हसली. पण ते तिच्या मनाला लागलं. गाडी गेल्यावर ती आशाबाईला म्हणाली होती, "माह्या आजीले विहिरीवर हात लावू देत नोयते. कोणी येऊन वरून ओतलं तं पाणी, नाई तं उभी राय उन्हात. आमच्या घरचं पाणी कोणी तोंडाले लावत नोयतं. अन आता अमरावतीचे लोक माह्या हातचं पाणी मागून रायले. ते मी असं गढूळ धाडू का?"

त्या दिवसापासून तिनं कधी गढूळ पाणी पाठवलं नाही.

शेषरावांनी रश्मीला फोन करून सांगितलं.  ती म्हणाली की तुरटीनं गाळ खाली बसतो, आणि गाळाबरोबर तेल, साबण, जे काही असेल त्यातलंही बरंचसं बसतं. वर राहतं ते चांगलंच दिसणार. म्हणजे तीन वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेनं म्हसडोहाचं पाणी तपासलंच नव्हतं. ललितानं स्वच्छ केलेलं पाणी तपासलं होतं.

"काका, चूक माझी आहे," रश्मी म्हणाली. "काकूंना बाटली कशी बुडवायची ते मी दाखवलं. आहे तसंच घाण पाणी हवंय हे बोलले नाही. ते सांगावं लागेल असं माझ्या मनातच आलं नाही."

शेषरावांनी विचारलं की आता काय करायचं. रश्मीनं आडपडदा न ठेवता सांगितलं. गप्प बसलं तर शेखरचं म्हणणं खरं ठरेल, तीन वर्षं पाणी चांगलं होतं आणि नंतर काकांनी काहीतरी केलं. सांगितलं तर आधीचं पाणी चांगलं नव्हतंच, घाण सुरुवातीपासून साचत आली, हे साहेबांना कळेल. पण मग काकूंची तीन वर्षं जातील. ती म्हणाली की पुढच्या तारखेला तुम्ही याल तेव्हा तुमच्या मनात असेल तसं करा, मी तुमच्या मागे उभी राहीन.

नीलमला त्यांनी फोन केला तो सल्ला मागायला नव्हे, नुसतं सांगायला. नीलम भडकली. संस्थेवर, कारखान्यावर, कुलदीपवर, सगळ्यांवर. सरतेशेवटी रडत म्हणाली, "बाबा, आईनं सगळ्या जिंदगीत स्वतःच्या नावानं एवढं एकच काम केलं. तेबी खोटं ठरवता का तुमी?"

"खोटं नाई म्हणत मी. गाळलेलं म्हणतो."

"लोकाईले सारखंच हाय ते."

 त्यानंतरचे दिवस शेषरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. डोहावर जात आणि खडकावर बसून राहत. कासवं गावकऱ्यांनी वाळूत पुरली होती, पण कुत्र्यांनी काही उकरली होती आणि रिकामी कवचं इकडेतिकडे पडली होती. साय अजून पाण्यावर होती. चिबडातलं पाणकणीस बुडापासून काळं पडत चाललं होतं. ललिताचे तलाठी एकदोन दिवस दिसले, मग तेही दिसेनासे झाले. तिचं नाव राखायचं तर हे असंच राहणार. तिचं नाव घालवलं तर कदाचित नाला बंद होईल. ललिता असती तर काय म्हणाली असती, असा विचार लोक करतात. शेषरावांनीही केला. पण ती असती तर हा प्रश्नच आला नसता, तिनं गाळून पाठवलं असतं आणि साऱ्यांना बरं वाटलं असतं. मेलेल्या माणसाला विचारून काही मिळत नाही, एवढंच त्यांना त्यातून कळलं.

दुसरी बैठक फाल्गुनात झाली. साहेबांनी उत्तर विचारलं तेव्हा रश्मी उठायच्या आत शेषराव उठले. टोपी काढून हातात धरली.

"साहेब, माही बायको ते पाणी तुरटी फिरवून, फडक्यातून गाळून द्यायची. तीन वर्षं. म्हून ते चांगलं दिसलं. डोह तवाबी असाच व्हता. मी गाळत नाई, म्हून आता खरं दिसून रायलं."

 मग शेखर हळूच म्हणाला, "म्हणजे काकू नदीला आंघोळ घालून पाठवत होत्या."

आधी कारकून हसला. मग टंकलेखन करणारी बाई तोंडाला पदर लावून हसली. साहेबांनीही ओठ दाबले. ते दुष्ट लोक नव्हते. बोलणं हसण्यासारखंच होतं, आणि वेळ दुपारची, कंटाळवाणी. शेषराव उभेच होते. आशाबाईनं सांगितलेलं सगळं त्यांना सांगायचं होतं. विहीर, ऊन, ललिताची आजी, वरून ओतलं जाणारं पाणी. पण ती गोष्ट ललिताची होती आणि ती सांगायची ढब तिच्याकडे होती. त्यांच्या तोंडातून निघालं ते एवढंच, "आमच्या घरचं पाणी एका जमान्यात कोणी पेत नोयतं साहेब. म्हून ते स्वच्छ धाडायची."

हसणं थांबलं. साहेबांनी मान खाली घालून समोरचे कागद उगाच खालीवर केले. शेखरनंही खिडकीबाहेर पाहिलं. शेषरावांना क्षणभर वाटलं की आता हे लोक काहीतरी करतील. माणसाला लाज वाटली की तो काहीतरी करतो, असा त्यांचा अनुभव होता.

साहेबांनी निर्णय सांगितला तो अगदी सभ्य शब्दांत. ललिताबाईंचे तीन वर्षांचे नमुने धरता येणार नाहीत, कारण ते मूळ पाण्याचे नव्हते. शेषरावांचे नमुने खरे असतीलही. पण आधीचं काहीच हाती नसल्यावर पाणी कधीपासून बिघडलं आणि कोणामुळे बिघडलं, हे नुसत्या त्यांच्यावरून ठरवता येत नाही. शिवाय त्यांना कोणी रीतसर शिकवलेलं नाही. तेव्हा म्हसडोहाचे सगळेच नमुने बाजूला ठेवावेत. कार्यालयाचे लोक येऊन नव्यानं नमुना घेतील. कारखाना अमरावती जिल्ह्यात असल्यानं त्याबद्दल तिकडच्या कार्यालयाला कळवण्यात येईल.

रश्मी भांडली. कासवं तर मेली ना, ती गाळून मेली का, असं तिनं विचारलं. साहेब म्हणाले की मेलेल्या कासवांची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी होती. ती का झाली नाही, असं तिनं विचारलं. तपासणारा माणूस त्या आठवड्यात निवडणुकीच्या कामावर होता, असं साहेबांनी सांगितलं, आणि ते खरंही होतं.

बाहेर आल्यावर शेखर पायरीवर भेटला. त्यानं पुन्हा वाकून नमस्कार केला आणि म्हणाला की काकाजी, मघाचं मनावर घेऊ नका, तोंडातून निघून गेलं. शेषराव म्हणाले, "निघालं ते बरं झालं. नाई तं माह्या ध्यानात रायलं नसतं तुमी कोण हा ते." शेखर गाडीत जाऊन बसला.

चैत्रात रश्मी धोत्रखेडला आली. तिचा चेहरा उतरलेला होता. चहा घेतला आणि कप हातात धरूनच ती बसून राहिली. मग म्हणाली की संस्थेच्या वरच्या लोकांनी म्हसडोह कामातून काढला. एका जागी असं झालं तर बाकीच्या गावांच्या पाण्यावरही लोक बोट ठेवतील, म्हणून म्हसडोहाचं आधीचं सगळं काढून टाकायचं ठरलं. पाण्याचंही आणि पाखरांचंही.

"पाखराईचं काहून?" शेषरावांनी विचारलं. "पाखरं तं तिनं गाळली नोयती."

रश्मीनं सांगितलं की तिनंही हेच विचारलं. वरचे म्हणाले की माणूस तोच आहे. एका ठिकाणी भरवसा गेला की दुसऱ्या ठिकाणी ठेवता येत नाही.

तीन वर्षं थंडीत, धुक्यात, पहाटेच्या दवात ललितानं बसून मोजलेले तलाठी आणि नवरदेव, खडकावर ऊन खाणारी कासवं, सगळं गेलं. ती कासवं आता डोहात नव्हती आणि कागदावरही नव्हती. पुढे कोणी विचारलं की म्हसडोहात कासवं होती का, तर होती असं सांगायला काही उरलं नव्हतं. शेषराव तसं रश्मीला बोलले नाहीत. पोर आधीच रडकुंडीला आली होती. त्यांनी तिला शेवयांचं एक पुडकं दिलं, ललिताच्या हातचं शेवटचं, आणि गाडीपर्यंत पोचवायला गेले. गाडीजवळ कुलदीप उभा होता. त्याला सगळं कळलेलं असावं. तो शेषरावांच्या पाया पडला आणि गाडीत बसला. शेषरावांना त्याचा राग आला नाही. राग यायला अंगात काहीतरी लागतं.

नीलम सुट्टीत आली होती. तिनं विचारलं की बाबा, मिळालं काय तुम्हाला हे सांगून. शेषराव म्हणाले की काही नाही.  चार दिवस राहून ती गेली. जाताना म्हणाली की धामणगावला येऊन राहा, इथे आता काय आहे. ते बघू म्हणाले.

वैशाखात डोह आटत आटत अर्ध्यावर आला. कारखान्याचा नाला तेवढा वाहत होता, त्यामुळे डोहात नदीचं पाणी कमी आणि नाल्याचं जास्त झालं. म्हशी आता त्यात बसत नाहीत. गुराखी त्यांना वळवून गावातल्या हापशावर आणतात. चिबड वाळून गेलं आणि एका दुपारी कोणीतरी टाकलेल्या विडीनं जळलं. गावातल्या काहींनी तिथे नांगर घालायचा बेत केला आहे. शेषराव दोन वेळा अकोल्याला जाऊन आले. पहिल्या खेपेला सांगितलं की नमुना घ्यायचं पत्र निघालं आहे. दुसऱ्या खेपेला साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी फाईल मागवली आणि म्हणाले की कारखाना अमरावतीत आहे, तर तुम्ही अमरावतीला का जात नाही. अमरावतीला गेले तर तिथे म्हणाले की डोह अकोल्यात आहे.

म्हसडोहाचा नवा नमुना घ्यायला अजून कोणी आलेलं नाही.